पांढरीतला खांब

आमच्या गावच्या पांढरीविषयी हल्ली लोक फार आदराने बोलतात. तिथे म्हणे तीन हजार वर्षांपूर्वी माणसं राहत होती, त्यांची भांडी रंगीत होती, आणि गेलेली लेकरं ती घराच्या जमिनीतच पुरत होती. सांगणारा रंगात येऊन सांगतो आणि मला त्या आदराचाच राग येतो. ज्या टेकाडावरून हे सगळं कळलं ते टेकाड आता कुठे आहे, असं एकानेही कधी विचारलं नाही. ते पाझर तलावाच्या बांधात आहे. मी माझ्या डोक्यावरून पाट्या वाहून ते तिथे नेलंय.

पलूसहून पायी दोन तासांवर, येरळेच्या काठाला आमचं गाव. पिकवायची ती काळी, आणि माणसं जिथे राहून गेली ती पांढर, हे इकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या, राख पडली, भिंती ढासळून पुन्हा उभ्या राहिल्या, आणि त्या सगळ्याचं मिळून नदीकाठी दोन पुरुष उंच टेकाड झालं होतं. माती अशी पांढुरकी, की हात लावला की शाळेतला खडू धरल्यासारखी बोटं व्हायची. शेताला खत म्हणून आणि माळवदावर घालायला म्हणून गाव ती गाड्यांनी नेई. तेव्हा दोष सगळा बाहेरच्यांचा, असं मी म्हणत नाही. पण गाव उन्हाळ्यात दहा गाड्या नेई. सरकारने सगळंच नेलं.

माझं माहेर वाईचं. घाटावर पाण्यात पाय सोडून पाठांतर करणारी मी. मॅट्रिकचा फॉर्म भरलेला असताना लग्न ठरलं आणि वर्षातले आठ महिने कोरड्या असणाऱ्या नदीच्या काठी येऊन पडले. नवरा फौजेत. घरात एकटे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. शेजारच्या दारात चुलत सासूबाई होत्या, त्यांना सगळे आत्याबाई म्हणत. स्वयंपाकात मीठ किती घालायचं इथपासून रडायचं किती इथपर्यंत सगळं त्याच ठरवायच्या.

एकाहत्तरच्या मार्गशीर्षात, लढाई चालू असताना, मला मुलगी झाली. नवव्या दिवशी ती गेली. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे तिला नाव नव्हतं.

दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आणि कुठे पुरलं ते आईला सांगत नाहीत. मामंजींनी आपल्या धुतलेल्या धोतरात तिला गुंडाळलं, खांद्यावर कुदळ घेतली आणि ते मागच्या दाराने गेले. तासाभराने परत येऊन दगडावर हातपाय धुवायला बसले. "कुठं ठेवली?" मी आतून विचारलं. आत्याबाईंनी माझ्या तोंडावर हातच ठेवला.

"इचारू न्हाई गं. आईला जागा कळली की ती तितंच घुटमळती. मंग फुडचं लेकरू राहत न्हाई."

हा कायदा कुणी केला मला माहीत नाही. पण नऊ दिवस पाजलेल्या कुणा बाईने तो केला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. घरातल्या कोंबडीचं पिलू मेलं तर ते कुठल्या उकिरड्यावर टाकलं हे मला ठाऊक असायचं. पोटच्या पोरीचं मात्र मी विचारायचंही नव्हतं. वर नवऱ्याला पत्र गेलं तेही शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. मला लिहिता येत होतं, त्या घरात एकटीलाच येत होतं, पण मला कुणी विचारलं नाही. 'मूल झाले होते, देवाघरी गेले. बाकी खुशाली.' त्या 'बाकी खुशाली'ला मी अजून माफ केलेलं नाही.

पुढल्या वर्षी पाऊस पडलाच नाही. बहात्तरच्या दुष्काळाची वर्णनं सगळ्यांनी ऐकली आहेत, मी नव्याने काय सांगू? दुष्काळी काम निघालं. बागायतदारांच्या बायका, फौजींच्या बायका, आम्ही सगळ्या एका रांगेत सुकडी घ्यायला उभ्या राहिलो. ओढ्यावर पाझर तलाव बांधायचा होता आणि बांधाला माती हवी होती. मुरमाचा माळ ओढ्यापलीकडे होता. मामंजींनी पहिल्याच दिवशी ओव्हरसियरला हात जोडून सांगितलं, "सायब, माती माळाची घ्या. पांढरीला हात लावू नका."

"का? देव आहे का तिथं?"

"देव न्हाई."

"मग झालं तर. माळ लांब पडतो, पांढर जवळ आहे," असं म्हणून ओव्हरसियरने छत्री उघडली. काळी छत्री, पायात बूट आणि कुणाचंही बोलणं अर्ध्यावर तोडायची सवय, एवढं त्याचं वर्णन पुरे. मामंजी पुढे काहीच बोलले नाहीत. माझ्या सासऱ्यांचा हा स्वभाव मला तेव्हा अगदी नकोसा व्हायचा. बोलायला तोंड उघडायचं आणि खरी गोष्ट यायच्या आत मिटायचं.

मातीकामाची एक रीत असते. प्रत्येक टोळीला चौकोनी खड्डा आखून देतात. खणताना मधोमध मातीचा एक खांब तसाच ठेवायचा. त्याच्या डोक्यावर मूळच्या जमिनीचं गवत तसंच असतं, म्हणून खड्डा किती खोल गेला ते त्या खांबावरून मोजता येतं. लबाड लोक रात्रीतून खांबाच्या डोक्यावर ढेकळं चढवून त्याची उंची वाढवतात, म्हणून ओव्हरसियर आधी वाकून गवत बघायचा आणि मग टेप लावायचा. मोजणी झाली की खांबही पाडायचा आणि त्याची मातीही बांधावर टाकायची.

आमच्या टोळीत आम्ही नऊ बायका आणि खणायला मामंजी. आखणी झाली आणि मामंजींनी पहिल्याच दिवशी घोळ घातला. खांब मध्ये ठेवायचा सोडून त्यांनी तो नदीकडच्या कडेला धरला. बरं, खांब म्हणावा असाही नाही. दोन हात लांब आणि हातभर रुंद, चांगला ओटाच. ओव्हरसियर ओरडला, "ए म्हाताऱ्या, हा खांब आहे का चबुतरा?" बायका कुरकुरल्या, कारण एवढी माती न खणता राहिली की आमच्या टोळीचं माप तेवढं कमी भरणार. मी शरमेने मान खाली घातली. माझ्या मनात आलं, म्हाताऱ्याच्या डोक्यात ढेकळं चढवायची लबाडी शिजतेय, आणि तीही धड जमत नाहीये.

शेजारच्या टोळीच्या खड्ड्यात ते सापडलं. कुदळ लागली आणि खांबाच्या अंगातून लाल भांड्याची कड बाहेर आली. दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. एक फुटलं होतं, आणि आत बोटाएवढी हाडं होती. बायका पाट्या टाकून मागे सरल्या. बातमी मास्तरांनी तालुक्याला कळवली, तिथून पुढे गेली, आणि चौथ्या दिवशी एसटीने पुण्याचे एक संशोधक दोन विद्यार्थी घेऊन आले.

त्यांनी त्या खांबाभोवती चार खुंट्या ठोकल्या. खुंट्यांची डोकी लाल रंगवलेली होती. भोवतीने पांढरी दोरी बांधली, आणि वरून लेखी हुकूम आला की दोरीच्या आत कुदळ चालवायची नाही. छत्रीवाला ओव्हरसियर त्या दोरीला असा भ्याला, की तिची सावलीदेखील ओलांडीना. संशोधक दिवसभर पोटावर पडून दात घासायच्या ब्रशाने माती झाडत. एकेक हाड कापसात ठेवत, कापूस डबीत, डबीवर चिठ्ठी. तान्हं बाळ आहे, सहा महिन्यांच्या आतलं, असं ते म्हणाले. त्या काळी लोखंडसुद्धा माहीत नव्हतं, पण लेकराबरोबर खायला म्हणून वाटीत काहीतरी ठेवलेलं होतं. आम्ही बायका पाट्या घेऊन जाता-येता बघत होतो.

मग मोजणी झाली. ओव्हरसियरने सांगितलं, दोरीतला सोडून सगळे खांब आजच्या आज पाडा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांचे पडले. आमचा तसाच. मामंजी कुदळ बाजूला ठेवून खांबाला टेकून बसले होते, आणि ओव्हरसियर वर उभा राहून त्यांना वाटेल ते बोलत होता. कामचुकार म्हणाला, चोर म्हणाला. आणि हा माणूस गप्प!

माझा संताप झाला. सासऱ्यासमोर मान वर करायची नसते, पण मी पदर कमरेला खोचला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मामंजी, पुरे झालं. आमची सगळ्यांची अब्रू घालवलीत. सरा बाजूला." त्यांची कुदळ मीच उचलली आणि घातली खांबात. एकदा घातली. दुसऱ्यांदा घातली. ढेकूळ निखळून माझ्या पायावर पडलं. तिसऱ्यांदा उगारली तर मामंजींनी दांडा वरच्या वर धरला.

"पोरी, थांब," ते म्हणाले. "तुजी लेक हाय हितं."

मला ऐकू आलं, पण समजायला वेळ लागला. हातातली कुदळ कुणी घेतली ते आठवत नाही. त्या खड्ड्याची आखणी झाल्यापासून हा म्हातारा त्या एवढ्याशा गवताभोवतीने खणत होता. शिव्या खात होता, चोर म्हणवून घेत होता, आणि मला सांगत नव्हता. कारण आईला जागा सांगायची नसते! त्याच्या त्या रीतीपायी मी माझ्या हाताने माझ्या पोरीवर दोन घाव घातले. त्या क्षणी मला त्याची दया आली असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण ते खोटं होईल. दया पुष्कळ उशिरा आली. त्या वेळी मी सगळ्यांसमोर ओरडले, "दीड वर्ष! दीड वर्ष मी या वाटेनं धुणं घेऊन जाते, आणि तुम्ही मला सांगितलं नाही!"

मामंजी डोळे पुसत राहिले. आत्याबाई पुढे झाल्या. "आता कळलं न्हवं? मंग उचलू आन दुसरीकडं ठिवू."

"कुणी हात लावायचा नाही," मी म्हणाले. "एकदा मला न विचारता नेलीत. आता ती कुठंही जाणार नाही."

ओव्हरसियरचं उत्तर सोपं होतं. गावात कोण कुणाला कुठे पुरतं याची नोंद त्याच्या कागदात नव्हती. सकाळपर्यंत खांब पाडला नाही तर तो दुसऱ्या टोळीकडून पाडून घेणार होता. म्हणून मी तशीच मातीच्या पायांनी संशोधकांकडे गेले. ते डबीवर चिठ्ठी चिकटवत होते. मी सगळं सांगितलं, शुद्ध बोलून सांगितलं, आणि म्हणाले, "तुमच्या बाळाला दोरी बांधलीत, तशी माझ्या बाळालाही बांधा. तुमच्या दोरीला तो भितो."

माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, मला वाईट वाटतं. पण आम्हाला फक्त प्राचीन अवशेषांपुरताच अधिकार आहे. हे तसं जुनं नाही."

"किती जुनं झालं म्हणजे दोरी बांधता?"

त्यांनी डबीचं झाकण लावलं.

"सांगा ना. त्या बाळाच्या आईनंसुद्धा ते मडकं जुनं म्हणून पुरलं नव्हतं. तेही तेव्हा ताजंच होतं." त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी देऊ केलं. मला पाणी नको होतं. मी निघून आले.

वाटेत बायका थांबल्या होत्या, त्यांना मी झालेलं बोलणं सांगितलं. त्यातल्या निम्म्यांचं एखादं तरी लेकरू त्या पांढरीत होतं आणि एकीलाही जागा ठाऊक नव्हती. कुणाचं कालच्या पाटीत गेलं, कुणाचं परवाच्या, ते आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. मग आत्याबाईच म्हणाल्या, ज्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला होता त्याच, "त्येच्या दोरीला भितो न्हवं त्यो? मंग दोरी काय फकस्त पुण्यातच मिळती व्हय?"

गावात पांढरी दोरी कुठली असणार? होता तो घायपाताचा पिवळट दोर. पण आम्ही तरण्या बायका सहावारी नेसत होतो आणि परकराला पांढरी सुती नाडी असायची. दुसऱ्या दिवशी दिवस उगवताना एकेकीने कमरेवरून आपापली नाडी आणली. परकर कशाने बांधून आल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक. आत्याबाईंनी बाभळीच्या चार खुंट्या तासून आणल्या आणि करंड्यातलं कुंकू तेलात कालवून त्यांची डोकी लाल केली. आठ नाड्या एकमेकींना गाठल्या. माझी नववी. मामंजींनी खुंट्या ठोकल्या. दोरी बांधायला मात्र मी त्यांना हात लावू दिला नाही.

ओव्हरसियर दुसरी टोळी घेऊन आला, दोरी बघितली आणि जागच्या जागी थबकला. छत्री मिटवली. आम्ही खाली मान घालून पाट्या भरत होतो. एक जरी हसली असती तरी मेलो असतो. तेवढ्यात संशोधक आले. ओव्हरसियर अदबीने म्हणाला, "साहेब, हा पण तुमचाच ना?"

ते जवळ आले. वाकले. नाड्यांच्या गाठी त्यांनी बघितल्या, खुंटीला बोट लावलं, बोटाला कुंकू लागलं ते अंगठ्याने चोळलं. किती वेळ लावला त्या माणसाने! मग म्हणाले, "हो. याला हात लावू नका."

लोक म्हणतात त्यांचे उपकार आहेत. असतील. पण जी गोष्ट त्यांना आदल्या दिवशी म्हणता आली असती ती म्हणायला नऊ बायकांच्या नाड्या लागल्या, हे मी विसरणार नाही.

पाऊस पडला, तलाव भरला, पांढर संपली. सपाट झालेल्या जागेत आमचा एकच खांब उभा राहिला. दर वर्षी मृगाच्या आधी मी तो पांढऱ्या मातीने आणि शेणाने लिंपून घेई, नाहीतर पावसाने विरघळला असता. नवरा सुट्टीवर आले तेव्हा त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी लिंपायला दोन घागरी पाणी तेवढं आणून दिलं. मामंजी वारले त्या साली लिंपताना मी त्यांच्या बाजूनेही एक हात फिरवला. हळूहळू इतर बायकाही येऊ लागल्या. ज्यांच्या लेकरांची जागाच उरली नव्हती त्या इथेच हळदकुंकू वाहून जात.

एकोणऐंशीच्या जानेवारीत, पौष चालू असताना, सांगलीहून कॉलेजातला एक पोरगा वही घेऊन आला. तालुक्यातल्या जुन्या जागांची यादी करत हिंडत होता. त्याने खांबाभोवती फेऱ्या मारल्या, लांबी-रुंदी पावलांनी मोजली आणि मला विचारलं, "मावशी, हा किती जुना असेल?" मी अठ्ठावीस वर्षांची, आणि म्हणे मावशी!

"या मार्गशीर्षात सात वर्षं पुरी झाली," मी म्हणाले.

तो समजूतदारपणे हसला. "तसं नाही मावशी. पुरातन वास्तू आहे ही. शतकांत बोलतात." आणि त्याने वहीत लिहिलं. त्याला वाटलं, हिला काय वाचता येतंय. त्याने खांबाचं माप लिहिलं होतं, दिशा लिहिली होती, आणि वय या शब्दापुढे लिहिलं होतं, अज्ञात.

मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली, 'अज्ञात' खोडलं आणि सात लिहिलं.